खंडेनवमीला मिटलेला लॅपटॉप

या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचतो आणि खो-खो हसतो. पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय... आपला कशावरच विश्वास नाही. कॉम्प्युटरचा माणूस मी, घाबरतो फक्त लाईट जाण्याला. तरीही हे लिहितोय.

काष्टीजवळ मळ्यात आमचं घर. मी घरूनच काम करतो. ताई शेतकी कॉलेजात, होस्टेलवर. कांद्याच्या पातीचे फोटो बघून रोग ओळखणारा प्रोग्राम हा तिचा प्रोजेक्ट. तो कॉलेजच्या सर्व्हरवर चार दिवस सलग चालायला हवा होता, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सरांना दाखवायचा होता. चालवायची जबाबदारी माझी.

असा लांबलचक प्रोग्राम सर्व्हरवरच्या ‘स्क्रीन’ नावाच्या सोयीत टाकतात. मग आपला लॅपटॉप मिटला तरी तो तिकडे चालत राहतो, नंतर दुसऱ्या टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, जाऊन पुन्हा धरायचा. नुसत्या टर्मिनलमध्ये चालवला, तर लॅपटॉप मिटला की तोही मेला. ताईनं फोनवर विचारलं, “स्क्रीनमध्ये टाकलास ना?”

“हे काय विचारणं झालं?” मी म्हणालो. टाकला नव्हता. आळस... दुसरं काय!

तिसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी काष्टीहून झेंडू घेऊन आलो, तर ओसरीत पूजा मांडलेली — नांगराचा फाळ, कोयता, खुरपी, आणि मधोमध माझा लॅपटॉप. मिटलेला, वायर गुंडाळलेली, वर हळदीकुंकू.

“आई, हे काय केलंस?”

“तुजं औजार न्हाई व्हय ते? त्याला बी इसावा नको? आता उद्या सोनं लुटल्याबिगर हात लावायचा न्हाई.”

सर्व्हरवर शिरायची किल्ली फक्त त्याच लॅपटॉपात. प्रोग्राम मेलाच असणार. ताईचा फोन आला, तिला सांगितलं, मस्त चाललंय.

दसऱ्याला आपट्याची पानं आईच्या हातात ठेवली, पाया पडलो आणि लॅपटॉप उघडला. माफीचा मेसेज मनात तयार होता. सवयीनं स्क्रीनमध्ये काय काय चालू आहे त्याची यादी मागितली... तर तिथे एक सेशन! उघडलं. ताईचा प्रोग्राम आत आरामात चालू, तासाभराचं काम उरलेलं. सेशन सुरू झाल्याची वेळ आदल्या सकाळची, मी झेंडूवाल्याशी घासाघीस करत होतो तेव्हाची.

चालू प्रोग्राम आपणहून उठून स्क्रीनमध्ये जाऊन बसत नाही हो! स्क्रीनमध्ये न टाकणाऱ्या हाताखालच्या पोरांना मी चारचौघांत झापलंय.

ताईचा प्रोजेक्ट पहिला आला. पेढे घेऊन आली, म्हणाली, “तुझ्यावर सोपवलं म्हणून झोप लागली बघ मला.” मी पेढा तोंडात कोंबला.

नंतर मुद्दाम तसाच एक प्रोग्राम स्क्रीनशिवाय चालवून लॅपटॉप मिटला. मेला. आईला कुंकू लावायला लावून पुन्हा मिटला. तरी मेला.

आई म्हणाली, “सनाच्या दिवशी केलं म्हून तू काय रोज करायला लावतो व्हय त्याला?”

यंदा खंडेनवमीला लॅपटॉप मीच पुसून पाटावर ठेवला. आधी सगळं स्क्रीनमध्ये टाकून... आणि दोनदा तपासून.