महालक्ष्म्यांचा फुलोरा आणि सुमनताई

सुमनताई गजभिये यांची व माझी पहिली भेट पोलाद कारखान्याच्या रुग्णालयात झाली. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. मी रूळ बनविणाऱ्या रेल मिलमध्ये क्रेनवर कामाला होतो व माझा उजवा तळहात भाजला होता. मलमपट्टी करणाऱ्या तरुण सिस्टरना मी सांगितले की मला काही दुखत नाही. त्यांनी मान वर न करता विचारले, "दुखत नाही तं डोयात पाणी कावून आलं, भाऊ?"

खोलीत उकडते आहे, असे मी म्हणालो.

"पंखा तं चालू हाय," त्या म्हणाल्या व पट्टीची गाठ मारून त्यांनी पुढच्या रुग्णाला हाक मारली.

पुढे कारखान्याच्या वसाहतीत, मरोद्याला, क्वार्टर मिळाले तेव्हा समोरच्याच दारात त्या उभ्या होत्या. त्यांचे यजमान रेल्वेत होते. ते कुटुंब भंडारा जिल्ह्यातील, बौद्ध, आम्ही आर्वीकडचे. बुद्ध पौर्णिमेला त्यांच्याकडून खिरीचे पातेले येत असे व दिवाळीला आमच्याकडून फराळाचे ताट जात असे. ताट परत करताना काय चांगले झाले व काय बिघडले, हे सुमनताई दारातच सांगत. सौ. कमलला, म्हणजे माझ्या पत्नीला, आरंभी हे रुचले नाही. नंतर ती त्यांचे ऐकल्याखेरीज दुसरा घाणा घालीत नसे.

ताईंच्या सत्कार समितीने मला त्यांच्या कार्याविषयी लिहावयास सांगितले आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंतच झाले असल्याने रुग्णालयातील त्यांच्या सेवेचे मोठे मोल अधिक जाणत्या व्यक्तींनी मांडावे. माझ्या घरात जे घडले, तेवढे मी लिहितो.

विदर्भातील बहुतेक घरांप्रमाणे आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात. त्यांच्या डोक्यावर फुलोरा टांगावा लागतो. करंज्या, साटोऱ्या, पापड्या, आणि देवींच्या शृंगारासाठी पिठाची वेणी, पिठाची फणी, पिठाचा आरसा, सर्व तळलेले व दोऱ्यात ओवलेले. त्या दिवसांत आमच्या ओळीतील प्रत्येक क्वार्टरच्या खिडकीतून तळणाचा वास येई व रस्त्यावरून जाणाऱ्याला तो एकाच घराचा वाटे. हल्ली नेहरू नगरच्या दुकानांत हे पदार्थ बाराही महिने पाकिटांत मिळतात. ते वाईट असतात, असे माझे म्हणणे नाही. परंतु फुलोरा घरच्याच माणसाने, स्नान करून, सोवळ्यात करावयाचा असतो, आणि नैवेद्य होईपर्यंत त्यातील कणही कोणी जिभेवर ठेवावयाचा नसतो.

आमच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे पूर्वी गावी मोठे बंधू दादा यांच्याकडे होते. मोठ्या वहिनींचे गुडघे दुखू लागल्यावर ते आमच्याकडे आले. पुढे दादांच्या मुलाचे लग्न होऊन घरात सून आली. तेव्हापासून मुखवटे परत गावी न्यावेत, असे दादांच्या मनात होते. काही कमी पडल्याचे दिसले की नेऊ, असा निरोपही त्यांनी एकाकडून पाठविला होता.

त्याच वर्षी महालक्ष्म्यांच्या तोंडावर सौ. कमलला कावीळ झाली व तिला रुग्णालयात ठेवावे लागले. दादा व मोठ्या वहिनी सणाच्या आदल्या दिवशी येणार होते. स्वयंपाक वहिनींनी केला असता, परंतु फुलोरा त्याआधी तयार हवा. शेजारच्या स्त्रियांच्या स्वतःच्याच घरी महालक्ष्म्या होत्या. शिवाय कोणाकडे मागणे मला मान्य नव्हते. सौ. कमलने भिंतीकडे तोंड केले व ती सुमनताईंना म्हणाली, "माह्या आजारापायी महालक्ष्म्या घरातून चालल्या, ताई."

संध्याकाळी ड्यूटी संपवून सुमनताई आमच्या दारात आल्या.

"भाऊ, मी देवीचं करत नाही, तो माहा नियम हाय. तुमच्या सोवळ्यालेही मी चालणार नाही, तो तुमचा नियम हाय. मंग घरचा माणूस कोण उरला?"

"मी," मी म्हणालो.

"मंग आंघोळ करा."

त्यानंतरची व्यवस्था त्यांनीच ठरविली. सौ. कमलने खाटेवरून कृती सांगावयाची, ताईंनी ती मला येऊन सांगावयाची. मी तळलेला एक नमुना डब्यात घालून त्यांच्याबरोबर रुग्णालयात पाठवावयाचा, आणि सौ. कमलने तो केवळ पाहावयाचा. तिला तळलेले वर्ज्य होते व नैवेद्यापूर्वी चाखणे तर कोणालाच शक्य नव्हते.

पहिल्या दिवशी मी वेणी व फणी पाठविली. ताईंनी परत येऊन सौ. कमलचा निरोप जसाच्या तसा दिला: "वहिनी म्हणते, ही वेणी नव्हे, क्रेनचा दोर हाय. देवी काय लोखंड उचलून राहिली काय?"

मी म्हणालो, तीन पदर बरोबर घातले आहेत.

"तीन पदर हायेत, पण वळ कसला मारला! हात सैल सोडा. आन् फणी पाहून वहिनी हसली. कावीळ झाल्यापासून पयल्यांदा हसली, म्हणून फणीले मी काही म्हणत नाही. पण दुसरी करा."

दुसऱ्या दिवशीची पापडी सौ. कमलने कानाजवळ धरून मोडली व आवाज आला नाही म्हणून परत पाठविली. तेल पुरते तापले नव्हते. मी पुन्हा तळण घातले. अखेर ताईंनी रिकामा डबा ओट्यावर ठेवला व त्या म्हणाल्या, "आज वहिनी काईच बोलली नाही. नुसती पाहत होती. आता टांगा."

दादा आले. त्यांनी चपला काढल्या आणि प्रथम फुलोऱ्याकडे पाहिले. कोणी केला, असे विचारले. मी केला, असे मी सांगितले. त्यांनी जवळ जाऊन वेणी न्याहाळली. सण यथासांग पार पडला.

तिसऱ्या दिवशी फुलोरा उतरवून वाटला गेला. ओळीतील मंडळी जमली होती. मी पापडीचा तुकडा तोंडात घातला आणि माझ्या ध्यानात आले की पापड्या, वेणी, फणी, कशातही मीठ नव्हते. सौ. कमलने ते सांगितले नव्हते, कारण मीठ घाला, असे कोणी कोणाला सांगत नाही. परंतु प्रसादाला नाव ठेवावयाचे नसते. सर्वजण खात होते व म्हणत होते, किती खुसखुशीत, किती हलके. दादाही खात होते. त्यांची नजर कोपऱ्यातील मुखवट्यांच्या पेटीकडे होती व मोठ्या वहिनी ती पेटी पुसून ठेवीत होत्या. मुखवटे गावी जाणार, हे मला समजले.

तेवढ्यात सुमनताई सौ. कमलची प्रकृती सांगावयास आल्या. ताप उतरला होता. त्यांच्यापुढे ताट ठेवले.

"प्रसाद म्हणून नाही, शेजारचं म्हणून खाते," असे त्यांनी नेहमीप्रमाणे सांगितले, फणीचा दात मोडून तोंडात घातला व विचारले, "भाऊ, मीठ कुठं हाय?"

मोठ्या वहिनींनी पदर तोंडाला लावला. त्या हसत आहेत, हे मला उशिरा कळले.

दादा म्हणाले, "सकायपासून वाट पाहून राहिलो, कोणी बोलते का म्हणून. बाई, तुमी कोण?"

"समोरची."

"रोजच असं बोलता काय?"

"बिघडलं तं बोलते. चांगलं झालं तरी बोलते. ही फणी पाहा, तुमच्या भावाच्या हातची हाय. मिठाबिगर हाय, पण एक दात वाकडा नाही. पयली पाहाले पाहिजे होती तुमी."

दादांनी ताटातील उरलेली पापडी संपविली, हात धुतले व वहिनींना पेटी आत ठेवावयास सांगितले.

"मुखवटे इथंच राहू दे," ते मला म्हणाले. "आपल्या गावी असं झालं असतं तं सारे तारीफ करत घरी गेले असते, आन् पुढल्या वर्षीही तसंच झालं असतं. इथं सांगणारं माणूस हाय."

हा निरोपही सुमनताईंनीच रुग्णालयात नेला. सौ. कमलने तो दोनदा सांगावयास लावला, असे मला नंतर कळले.

त्यास आता पुष्कळ वर्षे झाली. भिलाई नव्या राज्यात गेली, आम्ही सर्व निवृत्त झालो, दादा राहिले नाहीत. सुमनताई भिलाईतच, रिसालीत, स्वतःच्या घरात राहतात. ओळखीचे अनेक वयस्क लोक डॉक्टरांनी काय म्हटले, हे समजून घेण्यास आजही त्यांच्याकडे जातात, कारण त्या कोणाची खोटी समजूत घालीत नाहीत आणि कोणाला विनाकारण घाबरवीतही नाहीत. मुखवटे आमच्याच घरी आहेत. फुलोरा आता आमच्या सूनबाई करतात व उतरविल्यावर एक ताट रिसालीला नेऊन देतात. सौ. कमल तोवर फोनजवळ बसून असते. ताईंचा अभिप्राय आल्यावाचून ती स्वतः काही खात नाही.

सुमनताईंना आरोग्यपूर्ण व दीर्घ आयुष्य लाभावे, त्यांचे दात व त्यांची जीभ शेवटपर्यंत शाबूत राहावी, आणि आमच्या घरात काय कमी पडले, हे त्यांनी पुढेही वर्षानुवर्षे सांगत राहावे, ही माझी व सौ. कमलची मनापासून इच्छा आहे.