कोलयार्डमधले चौघे

मनूकाकांना रेडिओ बंद करायची सवय होती. गाडी कुणाचीही असो, घर कुणाचंही असो, एक विशिष्ट गाणं लागलं की ते न विचारता हात लांब करून बटण फिरवायचे. सुपरमार्केटमध्ये बटण हाती नसायचं. तिथे ते भरलेली ट्रॉली तशीच सोडून बाहेर जाऊन उभे राहायचे. एकदा मी त्यांच्या ट्रॉलीजवळ दूध आणि पालकाची जुडी राखत पंधरा मिनिटं उभी होते. गाणं संपलं, काका आत आले आणि काहीच झालं नसल्यासारखे म्हणाले, "दही राहिलं बघ."

मी २००२ मध्ये नागपूरहून रेडमंडला आले. माझा नवरा नितीन मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे घरात. नोकरी करायची परवानगी नाही, गाडी येत नाही, आणि ऑक्टोबरपासून जो पाऊस सुरू झाला तो थांबायचं नाव घेईना. महाराष्ट्र मंडळात कुणीतरी सांगितलं, "मनोहर कारखानीसांना फोन कर. ते ड्रायव्हिंग शिकवतात, आपल्या बायकांना फुकट." काकांची विमानाच्या कारखान्यातली नोकरी आदल्याच वर्षी गेली होती. बायको त्याआधीच वारलेली. मुलगी रीमा टेक्ससला, अर्विंगमध्ये. रोज सकाळी दहा वाजता ते जुनी निळी गाडी घेऊन आमच्या अपार्टमेंटखाली यायचे आणि हॉर्न न वाजवता थांबायचे.

पन्नाशी ओलांडलेला, उंच, किंचित वाकलेला माणूस. मराठी साठ सालच्या पुण्याचं, कारण बाराव्या वर्षी वडिलांबरोबर इंग्लंडला गेले तेव्हा ते जे थांबलं ते तिथेच. ‘मजा’ला ते ‘गंमत’ म्हणायचे आणि सिनेमाला ‘बोलपट’. शिकवताना त्यांचा आवाज कधी चढला नाही. "क्लचवर राग काढू नकोस, त्यानं तुझं काही केलेलं नाही," एवढंच. सगळ्यांच्या गाड्या ऑटोमॅटिक असताना काका मात्र गियरच्या गाडीवर शिकवायचे. मी कुरकुर केली तर म्हणाले, "मला ज्यानं शिकवलं त्यानं व्हॅनवर शिकवलं. चढावर, बर्फात. ही चालवलीस तर काहीही चालवशील."

ते गाणं मला ओळखीचं होतं, हाच घोळ झाला. नागपूरला माझ्या मोठ्या भावाकडे कोलयार्डच्या कॅसेट होत्या. कोलयार्ड म्हणजे इंग्लंडातला एक रॉक बँड, सत्तरच्या दशकात जगभर गाजलेला. तिसऱ्या रेकॉर्डनंतर स्टेडियमं भरायला लागली, मग भांडणं, मग फूट, मग पुन्हा एकत्र येणं. मी आले तोवर त्यांची गाणी गाडीच्या जाहिरातीत, लग्नात, बेसबॉलच्या सामन्यात वाजत होती, आणि त्यांच्यासारखं वाजवणारी पोरं मोठी झाली होती. काकांनी चौथ्यांदा बटण फिरवलं तेव्हा मी म्हणाले, "काका, अहो छान गाणं आहे. कोलयार्ड आहे."

"माहीत आहे," काका म्हणाले. "मी वाजवलंय."

मी हसले. त्यांनी मला गाडी कडेला घ्यायला सांगितली. इंडिकेटर द्यायला मी विसरले, त्यावर आधी बोलले, आणि मग सांगितलं.

ब्रॅडफर्डच्या शाळेत चार मुलं होती. गाणारा कॉलिन, गिटारवाला रे, बेस गिटार वाजवणारे मनोहर, ज्यांना सगळे ‘मॅनो’ म्हणत, आणि ड्रमवर टेरी. टेरीच्या वडिलांची कोळशाची वखार होती. शनिवारी दुपारनंतर ती बंद व्हायची, तेव्हा चौघं तिथे तालीम करायचे. खोकताना काळं यायचं. बँडचं नाव त्या वखारीवरून टेरीनंच ठेवलं. व्हॅनही वडिलांची, टेरीच चालवायचा. मनोहर त्याचा सगळ्यात जवळचा मित्र. शाळेत ज्या मुलाला कुणी शेजारी बसू देत नव्हतं, त्या मनोहरच्या शेजारी पहिल्या दिवशी टेरी येऊन बसला होता.

चार वर्षं ते क्लबांतून वाजवत राहिले. मग लंडनहून रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. त्यानं चार गाणी ऐकली आणि सांगितलं, बँड घेतो, ड्रमर नको. हा तालात घाई करतो.

"खरंच करायचा घाई," काका म्हणाले. "आनंदानं करायचा. कॉलिन मला म्हणाला, मॅनो, तूच सांग, तू त्याचा जिवलग आहेस. आणि मी गेलो. त्याच्या आईनं बटाट्याचा पाय केला होता, सारण भरून भट्टीत भाजतात तो. मी दोन वेळा वाढून घेतला. मग मागच्या अंगणात जाऊन त्याला सांगितलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मग व्हॅन कोण चालवणार? मी म्हणालो, मी. तूच शिकवलंस ना. त्यानं खिशातून किल्ली काढून दिली."

दोन वर्षांनी, अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्याच्या आधी, मनोहरना काढलं. रेकॉर्डवर त्यांचा चेहरा शोभत नाही असं कुणाला तरी वाटलं. कॉलिन आला नाही, रे आला नाही, मॅनेजरनं बोलावून सांगितलं. काका नंतर मिळेल ती नोकरी धरून अमेरिकेत आले. "त्यांनी मला निदान तोंडावर तरी सांगायचं होतं," ते म्हणाले. "मी टेरीला तोंडावर सांगितलं." हे वाक्य मी पुढे पाच वर्षांत अनेकदा ऐकलं. पहिल्यांदा मला त्यात फक्त कॉलिनवरचा राग ऐकू आला होता.

मला लायसन्स मिळालं, तरी काकांचं येणं चालू राहिलं. माझ्यानंतर त्यांनी निदान वीस बायकांना शिकवलं. आमच्याकडे रविवारी जेवायला यायचे. स्वतः कांदा चिरून द्यायचे, अगदी एकसारखा. कुणी कौतुक केलं की चेहरा वाकडा व्हायचा. "बास, बास. माझं कौतुक फार स्वस्तात करता तुम्ही." मंडळात कुणालाच त्यांचं हे आयुष्य माहीत नव्हतं. रीमालासुद्धा वडील "कॉलेजात असताना बँडमध्ये होते" एवढंच ठाऊक. त्यांच्याशी बोलताना सतत काहीतरी कडू जिभेला लागायचं, आणि का कोण जाणे, मला ते आवडायचं. खोटं न बोलणारा माणूस वाटायचा तो.

२००७ च्या उन्हाळ्यात कोलयार्डचा निरोपाचा दौरा निघाला. रेडमंडच्या पार्कातही त्यांचा कार्यक्रम होता, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. मी काकांना न विचारता बँडच्या वेबसाइटवर पत्र टाकलं. मनोहर कारखानीस इथेच राहतात, तुम्हाला आठवत असतील तर भेटा. चार दिवसांत उत्तर आलं. कॉलिनला आठवत होतं. त्याला मॅनोला स्टेजवर बोलवायचं होतं.

मी आनंदानं सांगायला गेले. काका एवढे भडकलेले मी कधी पाहिले नव्हते. "तुला कुणी सांगितलं होतं? सांग ना, कुणी सांगितलं होतं?" त्यांनी दार लावून घेतलं. आठवडाभर फोन उचलला नाही. मग एका सकाळी दहा वाजता गाडी खाली येऊन थांबली.

"जातो मी," ते म्हणाले. "पण एका अटीवर. स्टेजवरून टेरीचं नाव घ्यायचं. त्या बँडचं नाव त्याचं आहे आणि पस्तीस वर्षांत ते कुणी एकदाही बोललेलं नाही. माझं नाही घेतलं तरी चालेल."

कॉलिनचा फोन आला तो आमच्याच स्वयंपाकघरात. काकांनी अट सांगितली. थोडा वेळ ऐकलं, हूं हूं केलं आणि फोन ठेवला.

"म्हणतो, ऑफ कोर्स. म्हणतो, तूच सांग ना माइकवर, तू त्याचा जिवलग होतास."

मग त्यांनी माझ्याकडून कागद मागून घेतला आणि चार ओळी लिहिल्या. माझा मित्र टेरी आमचा पहिला ड्रमर होता. हे नाव त्यानं ठेवलं. त्याला काढायला मी गेलो होतो. टेरी, मला माफ कर. ओट्याला टेकून त्यांनी त्या मला सात-आठ वेळा इंग्रजीत म्हणून दाखवल्या. शेवटच्या ओळीला आवाज दर वेळी फाटायचा. "चालेल," ते म्हणाले. "फाटू दे."

ऑगस्टची संध्याकाळ होती, लख्ख ऊन. गवतावर चादरी आणि घडीच्या खुर्च्या, पिकल्या केसांची माणसं आणि त्यांची नातवंडं. पाचव्या गाण्यानंतर कॉलिननं नाव पुकारलं आणि काका इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात स्टेजवर आले. कुणीतरी गळ्यात बेस अडकवला. पहिल्या ओळीत चुकले. दुसरीत सापडले. आणि मग मी जे पाहिलं ते मला आवडायला हवं होतं. वाकलेली पाठ सरळ झाली. चेहऱ्यावर असं हसू आलं की ते मला ओळखूच येईनात. गाणं संपल्यावर हजारो माणसं "मॅनो, मॅनो" करायला लागली. कॉलिननं माइक त्यांच्यासमोर आणला.

काकांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. कागद तिथेच होता, निघताना मी स्वतः पाहिला होता. हात खिशापाशी थांबला आणि रिकामाच खाली आला.

"थँक यू," ते म्हणाले. "आय वेटेड थर्टी-फाइव्ह इयर्स फॉर धिस."

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांनी वाकून नमस्कार केला, पुन्हा केला, आणि मागे सरले.

परत येताना गाडी मी चालवत होते. पार्किंगमधून बाहेर पडायला बराच वेळ लागला. काका खिडकीबाहेर बघत होते. "वेळ कमी होता गं," ते म्हणाले. सिग्नलला थांबलो तेव्हा पुन्हा म्हणाले, "ते टेरीला आवडलंही नसतं." घरापाशी उतरताना त्यांनी कागद काढून माझ्या हातात दिला, जसं काही मीच तो लिहिला होता.

कुणीतरी त्या गाण्याचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. गावच्या पेपरात फोटो आला. मंडळाला एकदम कळलं की आपल्यात कोण होतं. सप्टेंबरात गणपतीच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ ठरलं. मला वाटलं, काका हाकलून देतील त्यांना. काका आले. नवा कुर्ता घालून आले आणि वीस मिनिटं छान बोलले. लोक खळखळून हसत होते. "ब्रॅडफर्डच्या शाळेत," ते म्हणाले, "आम्ही तिघं मित्र होतो."

तिघं. कोळशाची वखार होती, खोकताना काळं यायचं, व्हॅन होती, बर्फातला चढ होता. फक्त या गोष्टीत ती व्हॅन आता स्वतः मनोहर चालवत होते.

मी त्यांना बाहेर पार्किंग लॉटमध्ये गाठलं. शाल त्यांच्या खांद्यावर होती.

"काका, तिघं?"

"मेधा, सगळ्यांना सगळं सांगत बसायचं नसतं."

"तुम्हीच म्हणाला होतात, माझं नाव नाही घेतलं तरी चालेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, थकून. "टाळ्या कशा असतात तुला माहीत आहे का? त्या अंगात शिरतात. त्यांच्यासमोर उभं राहून, मी वाईट आहे, असं सांगायला लागतं. मला नाही जमलं. टेरीच्या अंगणात त्याची माफी मागायला नाही जमलं, तिथे तरी कसं जमणार होतं?" मग शाल सावरत म्हणाले, "आता मला थोडं सुखानं राहू दे. तूच आणलंस ना हे."

त्यात खोटं काही नव्हतं. मीच आणलं होतं. त्यानंतर काका जिथे तिथे दिसायला लागले. कुणाच्या वाढदिवसाला, कुणाच्या बारशाला. आग्रह केला की किस्से सांगायचे, गाणं लागलं की आवाज मोठा करायचे. कौतुक आता स्वस्त वाटत नव्हतं त्यांना. सगळे म्हणायचे, माणूस किती बदलला, किती मोकळा झाला. माझ्याकडे रविवारी येणं मात्र थांबलं, आणि मीही बोलावलं नाही. डिसेंबरात ते रीमाकडे अर्विंगला राहायला गेले. जाण्याआधी नितीनला फोन करून निरोप घेतला.

एप्रिलमध्ये रीमाचा फोन आला. झोपेतच गेले होते. साठीही पुरी झाली नव्हती. मंडळाच्या अंकासाठी दोन पानं लिहून द्याल का, असं तिनं विचारलं. "डॅड ऑलवेज सेड, मेधा टेल्स इट स्ट्रेट."

मी सरळ लिहिलं. वखार, व्हॅन, बटाट्याचा पाय, किल्ली, सगळं. रीमाला मराठी वाचता येत नाही, म्हणून फोनवर इंग्रजीत वाचून दाखवलं. मध्येच तिनं मला थांबवलं.

"मेधाताई, सॉरी, हू इज टेरी?"

ती रडून रडून घसा बसलेल्या आवाजात विचारत होती. वडील जाऊन चार दिवस झाले होते. मी खिडकीपाशी उभी होते, हातात कागद होते, आणि तिला सांगायला मला दोन मिनिटं लागली असती.

"कुणी नाही गं," मी म्हणाले. "शाळेतला एक मुलगा. काढून टाकते."

अंकात तसंच, टेरीशिवाय, छापून आलं, काकांच्या स्टेजवरच्या फोटोसकट. कोलयार्डच्या वेबसाइटवरचा इतिहास पहिल्या रेकॉर्डपासून सुरू होतो, त्यात ड्रमर म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव आहे. टेरी जिवंत आहे की नाही, मला ठाऊक नाही. शोधायला बसले होते एकदा, पण त्याचं आडनावच मला माहीत नाही. काकांनी ते कधी सांगितलं नाही. आणि पाच वर्षांत, इतक्या रविवारी, मीही ते कधी विचारलं नाही.