टांझानियाला न्यायच्या सुऱ्या

टांझानियातल्या एका खेड्यात माझी नेमणूक पक्की झाली, तेव्हा आमच्या घरात एकही सुरी नव्हती.

विळी, चाकू, कात्री, बाबांचा दाढीचा वस्तरा, सगळं आईनं एका पिशवीत बांधून शेजारच्या काकूंकडे ठेवायला दिलं होतं. बाबा रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर त्यांना आधी गोष्टी आठवेनाशा झाल्या, मग माणसं. एका दुपारी आईला चोर समजून त्यांनी विळी उचलली. त्या दिवशी कोणाला काही लागलं नाही, पण तेव्हापासून आई काकूंच्या घरी बसून भाजी चिरून आणायची. पालक, मेथी हातानं खुडायची, कांदा बत्त्यानं ठेचायची. रात्री बाबांना जाग आली की तीही उठून बसायची. रायपूरच्या समता कॉलनीत बाकी कोणाला हे ठाऊक नव्हतं. आम्हीही आपसात त्यावर बोलणं सोडून दिलं होतं.

मी भाताच्या वाणांवर काम करते. नवा रायपूरच्या आमच्या ऑफिसातून टांझानियाला आधी एक सर जाऊन आले होते. सोबत काय न्यावं हे विचारायला गेले, तर औषधं आणि मच्छरदाणीच्याही आधी ते सुऱ्यांवर आले.

"तिथल्या दुकानात मिळते ती सुरी भोपळ्यात वाकते," ते म्हणाले. "इथूनच न्या. लाकडी मुठीची नको, पावसात मूठ फुगते आणि पातं ढिलं होतं. भाजीला एक लहान. भोपळा, कोंबडी, असल्या कामाला एक जड. शेतात खिशात ठेवायला मिटणारा चाकू. पण तो उघडल्यावर पातं अडकून बसलं पाहिजे, नाहीतर असं होतं." त्यांनी बोटावरचा वण दाखवला. "आणि धार लावायचा दगड विसरू नका."

पुरानी बस्तीकडच्या बाजारात भांड्यांच्या एका दुकानात गेले. दुकानदारानं काउंटरवर सुऱ्या मांडल्या.

"शादी का सामान है क्या, दीदी?"

"नहीं भैया. गाँव जा रही हूँ."

"कौन सा गाँव?"

"अफ्रीका का."

तो हसला. मग नक्षीच्या, चकाकणाऱ्या सुऱ्या त्यानं आपणहून बाजूला सारल्या. मी एकेक हातात घेऊन पाहू लागले. मूठ घामानं निसटेल का, पातं मुठीत नीट रुतलंय का, हे पाहत होते. आणि प्रत्येक सुरी बाबांच्या हातात असती तर काय झालं असतं, हेही पाहत होते. ते थांबवता येईना. शेवटी जड सुरी मी बोथट टोकाची घेतली. दुकानदार म्हणाला, "इससे भोंकना नहीं होगा, दीदी." मी म्हटलं, भोसकता येऊ नये, मला तेच हवंय.

निघायच्या आदल्या दिवसापर्यंत सुऱ्या ऑफिसच्या कपाटात होत्या. विमानात त्या मोठ्या बॅगेतच टाकाव्या लागतात, म्हणून त्या दिवशी घरी आणल्या. बाबा झोपले होते. मी सुऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, कपड्यांच्या तळाशी ठेवल्या, बॅगेचं कुलूप शोधत होते, तेवढ्यात टॅक्सीवाला सकाळची वेळ विचारायला फाटकाशी आला. त्याच्याशी बोलून परत आले, तर कपडे जमिनीवर पडलेले आणि बाबा मिटणारा चाकू उघडून माझ्या वळकटीची दोरी कापत बसलेले.

"डबा अडकला," ते म्हणाले. "गाडी सोडाची आहे."

"बाबा, द्या मला तो."

त्यांनी वर पाहिलं. "तू कोण?"

माझा आवाज ऐकून आई मागच्या दारानं आली. मी तिला थांब म्हणाले, पण तोवर तिनं त्यांचं मनगट धरलं होतं. लहान पोराचा हात धरावा तसं.

"सोडा. मी आहो."

बाबांनी हिसका दिला. आईच्या अंगठ्यापासून मनगटापर्यंत चाकू फिरला. रक्त माझ्या कपड्यांवर सांडलं. ते पाहून बाबांनी स्वतःच चाकू खाली ठेवला आणि काळजीनं विचारलं, "कोणाले लागलं?"

शेजारच्या काकूंना बाबांजवळ बसवून मी आईला कॉलनीतल्या क्लिनिकमध्ये नेलं. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "क्या हुआ आंटी?"

"सब्जी काट रही थी," आई म्हणाली.

डॉक्टरांनी जखम पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहत राहिले.

घरी आल्यावर मी सांगून टाकलं, "मी जात नाही."

"काहून?"

"काहून काय विचारतेस? हात बघ तुझा."

"तू इथं राहून कोणाले धरशील? मले का त्यायले?" ती पलंगावर बसली. "गोंदियाहून मामाले बोलावून घेते. तू जाय. एक जण तरी या घराच्या बाहेर राहू दे."

मग ती उठली, डाव्या हातानं चाकू नळाखाली धरून धुतला, पुसला, मिटला आणि माझ्या हातात दिला. "तिथं लागन तुले."

मी गेले. सरांनी सांगितलेलं खरं निघालं. लहान सुरी रोज लागायची, जड सुरीनं भोपळे फुटायचे. मिटणारा चाकू मात्र मी बरेच दिवस बॅगेतच ठेवला. बियाण्याच्या पोत्यांची शिवण मी दातांनी ओढत असताना एका बाईनं पाहिलं आणि ती हसत सुटली, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून तो खिशात घालू लागले.

तिथला पाऊस सुरू असताना बाबा गेले. न्हाणीत पडले, मग ताप चढला, तो उतरलाच नाही. मामाचा फोन शाळेजवळच्या उंचवट्यावर आला, कारण रेंज तिथेच मिळायची. मी रायपूरला पोचेपर्यंत त्यांना ठेवणं शक्य नव्हतं. अग्नी मामानं दिला.

गावातल्या बाया एकेक करून माझ्या खोलीशी आल्या. "पोले," म्हणायच्या, म्हणजे तुझ्या दुःखात आम्ही सोबत आहोत, आणि चटईवर बसून राहायच्या. मेलेल्या माणसाबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं. कोणी काही विचारलंही नाही. मला वाटलं होतं मी रडेन. त्यांच्यातली एक रडली.

दुसऱ्या दिवशी आईशी बोलणं झालं. घरात माणसं होती, मागे भांड्यांचा आवाज येत होता. ती सलग काही बोलेना. जेवलीस का विचारलं, तर हो म्हणाली. मी येऊ का विचारलं.

"आता येऊन काय करशील? तुझं काम आटपून ये."

"तू कशी आहेस?"

"फोन ठेवू का?" ती म्हणाली. "मले लय झोप येऊन राहिली."