मेंढरं पाणी पीत नाहीत

लोकांना घाबरवण्यात मला जी मजा येते ती जेवणातही येत नाही. म्हणून मित्रानं कॅमेरा घेतला तेव्हा मी, गावातल्या शाळेचा मास्तर, लगेच त्याचाही गुरू झालो. "डॉक्युमेंटरी घडलेलं दाखवते. मॉक्युमेंटरी न घडलेलं दाखवते, पण तोंड तितकंच गंभीर ठेवून," मी त्याला समजावलं आणि तसं तोंड करून कॅमेऱ्यासमोर बसलो.

थाप माझीच: सिद्धेश्वर धरणाच्या एका पाणवठ्यात काहीतरी आहे आणि ते जनावरांना कळतं. पुरावाही तयार होता. एक मेंढपाळ मामा रोज तिथं कळप आणायचे. त्यांची मेंढरं शिट्टी ऐकल्याशिवाय पाण्याला तोंड लावत नसत, लहानपणापासूनची सवय.

"मामा, आज शिट्टी नका वाजवू."

"काहून? तहानली हायत लेकरं."

"दोनच मिनिटं."

सगळा कळप काठाला ओळीनं उभा राहिला. माना खाली, पाण्यात पाहत. माझ्याच अंगावर काटा आला आणि मी खूश झालो.

फिल्मच्या शेवटी 'हे सगळं खोटं आहे' अशी पाटी टाकली होती. कुणीतरी ती कापून फिल्म मोबाईलवर पुढं धाडली. पाणवठा ओस पडला. मामांच्या घरच्यांनीही तिथं जायला बंदी केली. दुसरं पाणी दीड कोसावर. वैशाखात गाभण मेंढ्या वाटेतच बसू लागल्या.

"मास्तर, तुमचा खेळ झाला, माझ्या मेंढ्या मरून राहिल्या," मामा दारात येऊन म्हणाले. "आता तुमीच सांगा समद्यांला."

भर दुपारी मी गावातल्या माणसांना आणि मामांच्या घरच्यांना काठावर नेलं. शिट्टीचं गुपित थाटात फोडलं. "वाजवा मामा!"

मामांनी वाजवली. लांब, नेहमीचीच.

मेंढरं ओळीनं उभी. माना खाली, पाण्यात पाहत.

मामांनी ओठ ओले करून परत वाजवली. एकही तोंड पाण्याला लागलं नाही. मेंढरांनी तर आमची फिल्म पाहिली नव्हती.

मागून कुणीतरी विचारलं, "मास्तर, ह्येबी शूटिंग हाय का?"

"नाही हो," मी म्हणालो. इतक्या खऱ्या आवाजात मी आयुष्यात बोललो नसेन. कुणालाच पटलं नाही.

मामांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. काठी उचलून कळप दीड कोसाच्या वाटेला लावला. मी मागं मागं निघालो. थोड्या अंतरावर एक गाभण मेंढी बसली, ती मी खांद्यावर घेतली. तिची मान मात्र सारखी मागं वळत होती, पाणवठ्याकडं.