चौलचा उंबरा

मुलाने सुट्टीत सगळ्यांना समुद्रकाठच्या रिसॉर्टवर आणले. ते पाण्यात उतरले आणि मला चपला सांभाळायला बसवले. कंटाळून मी उठले आणि रिक्षाने चौलचे जुने शहर बघायला गेले. पूर्वी इथे परदेशची गलबते लागत, असे रिक्षावाला म्हणाला. आता नारळाच्या वाड्या आहेत आणि मधूनमधून पडक्या भिंती.

एके ठिकाणी तर भिंतही नव्हती, नुसता दगडी उंबरा होता, मधोमध झिजलेला. गुडघे दुखत होते, म्हणून मी त्यावर बसले.

झावळ्या ओढत नेणारी एक बाई थांबली. "आजी, उठा. उंबऱ्यावर बसू नये."

"अगं, घर कुठंय इथं?"

"नसू दे. उंबरा आहे ना?"

मी उठले. इथली माणसे कोण होती, कुठे गेली, तिला काही ठाऊक नाही. तरी त्यांच्या दाराचा मान ती राखते. नवरा गेल्यापासून माझ्या गावच्या घराला कुलूप आहे. मुलगा ते विकायचे म्हणतो, मी गप्प बसते आणि त्याला तो होकार वाटतो. तिथल्या उंबऱ्यावर आता कुत्री बसत असतील. त्यांना उठवणारे कोणी नाही.

परतले तेव्हा सून म्हणाली, "आई, होतात कुठे? चपला तशाच टाकून गेलात!"

मी मुलाला म्हणाले, "घर विकायचं नाही. मला उद्या गावी सोड."

तो डोके पुसता पुसता थांबला. "एकटी राहशील तिथं?"

"इथं माझ्याजवळ कोण होतं? चपलाच होत्या."