कबरस्तानाकडे वळणारी विमानं

सायराकानने ते भांडण ऐकलं तेव्हा तिच्या हातात दह्याची कासंडी होती आणि पायाखाली ओलं गवत. फवारणीच्या विमानाची पत्र्याची शेड गावाबाहेर होती. आत तिचा नवरा काचकिन आणि तिचा धाकटा भाऊ ओस्कोन. नवरा विमान दुरुस्त करायचा, भाऊ ते चालवायचा.

“जेझदे, डावा पंख जड लागतोय मला. ओढतो.”

“पंख ओढत नाही. दोनदा तपासलाय. तुझे हातच ओढत असतील. रात्री कुणाच्या लग्नात होतास?”

“माझ्या हातांना नावं ठेवू नका. तुम्ही तेल पान्याला लावता की पोटाला?”

“पोटाचं तुझ्या बहिणीला विचार. तिनेच वाढवलंय.”

मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला जेझदे म्हणायचं आणि त्याची टर उडवायची, त्याने दुप्पट परत करायची, ही गावाची रीतच. सायराकान बाहेर उभी राहून हसली. मग ओस्कोनचा आवाज खाली आला. “थट्टा नाही करत, जेझदे. पुन्हा खोला.” आणि काचकिन म्हणाला, “नाही खोलणार. मी ठीक म्हटलं की ठीक.”

थट्टा कुठे संपली हे तिला समजलं नाही. कासंडी खिडकीत ठेवून ती घरी गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओस्कोन बटाट्याच्या शेतांवर फवारणी करत होता, घराच्या धुराड्याइतक्या उंचीवर. कबरस्तानावरून जाताना विमान डावीकडे झुकलं, झुकतच गेलं आणि मातीत शिरलं. शहरातून तीन माणसं आली, तुकडे गोळा करून घेऊन गेली. कारण सापडलं नाही, असा कागद आला. ओस्कोनला बापाशेजारी पुरलं.

त्यानंतर चौतीस वर्षं सायराकानने नवऱ्याला पंखाबद्दलचा तो एक प्रश्न विचारला नाही. त्यानेही त्याचं उत्तर दिलं नाही. एका चुलीवर दोघांचा चहा होत होता, एवढंच. आणि तिने आभाळाकडे बघणं सोडलं. पाऊस येणार का, हे ती कोंबड्यांवरून ओळखायची.

सामुदायिक शेती मोडली, शेडचा पत्रा लोकांनी गोठ्यांवर नेला. काचकिन शाळेच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकू लागला. मग कधीतरी खोक्यांतून फोमची विमानं यायला लागली, हातभर लांब, बॅटरीवर चालणारी. कुणाचा भाऊ मॉस्कोहून पाठवायचा, कुणी बाजारातून आणायचं. पहिल्याच दिवशी ती झाडावर नाही तर नाकावर. मग लोक तुकडे घेऊन काचकिनच्या दारात.

जुन्या धावपट्टीवर, जिथे आता गवत गुडघ्याएवढं होतं, तो नवशिक्यांना उभं करायचा. आधी रिमोट चालू, मगच विमानात बॅटरी, नाहीतर पातं बोटं खाईल. पंखाखाली दोन बोटं धरून विमान तोलायचं, नाक किंचित खाली हवं. मग विमानाच्या मागे उभं राहायचं आणि दांडी उजवीकडे ढकलायची. उजव्या पंखाची मागची पट्टी वर गेली पाहिजे, डावी खाली. हे तो तीन वेळा करायला लावायचा. कुणी कंटाळला की पाच वेळा.

“काचकिन-आके, खेळणं आहे हो,” वडीलधाऱ्यांना लावतात ते आके लावून तोक्तोसुन म्हणायचा. हा गावाचा पाववाला. पहाटे तंदूरमध्ये वाकून भाजलेले त्याचे हात कोपरापर्यंत लाल, आणि तो स्वतः त्याच्या नानसारखाच गोल.

“खेळणं तुझ्यासाठी. वारा खेळत नाही. पुन्हा ढकल.”

“उजवी वर, डावी खाली. झालं?”

“रिमोट गळ्यात अडकव. हातातून पडून फुटला तर मला जोडता येणार नाही.”

तोक्तोसुनच्या बायकोने पिठाच्या पोत्याचा पट्टा शिवून दिला होता. काचकिनचं बघून सगळेच पट्टा वापरायचे. आणि त्याचा शेवटचा नियम: विमान हवेत असताना नजर विमानावर. पायाला साप डसला तरी खाली बघायचं नाही.

त्या उन्हाळ्यात ते सुरू झालं. आधी औषधाच्या दुकानातल्या जामाल नावाच्या बाईचं विमान गेलं. सरळ चाललं होतं, कबरस्तानाच्या मातीच्या घुमटांवर पोचलं, डावीकडे झुकलं आणि आत उतरलं. आठवड्याने तोक्तोसुनचं. मग पुन्हा जामालचं, नवा पंख लावलेलं. तिन्ही वेळा काचकिन आणायला गेला, आणि तिन्ही वेळा विमान ओस्कोनच्या कबरीच्या कठड्यापाशी पडलेलं. तिन्ही जागा एका गालिच्याखाली झाकल्या गेल्या असत्या.

काचकिनने दोन्ही विमानं स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडली. पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी बदलल्या, वायरी नव्याने जोडल्या, बॅटऱ्या मोजल्या. चाळीस पावलं लांब जाऊन रिमोटची पोच पाहिली, मग शंभर पावलं. एका दुपारी सायराकान कणीक मळत असताना टेबलावरच्या विमानाची डावी पट्टी आपोआप उचलली गेली आणि खाली बसली. कुणी श्वास घेऊन सोडावा तशी. रिमोट फळीवर बंद होता.

“म्हाताऱ्या,” ती म्हणाली. रीतीप्रमाणे तिने त्याचं नाव आयुष्यात घेतलं नव्हतं. “हे हललं.”

“बॅटरी जोडलेली राहिली असेल.”

बॅटरी खिडकीत होती. दोघांनीही ती पाहिली.

गुरुवारी ती नेहमीसारखी मेलेल्यांसाठी बोरसोक तळत होती. कणकेचे तुकडे तेलात फुगले की तो वास त्यांच्यापर्यंत जातो आणि ते तृप्त होतात. त्याच वेळी गावातले वडीलधारे सेयित-आके दारात आले. त्यांनी बोरसोक घेतला, तोंड भरलेलं असतानाच म्हणाले, “काचकिन, मी रविवारी धावपट्टी नांगरायला सांगणार आहे.”

“का?”

“का म्हणून विचारतोस? तो बोलावतोय. लोक घाबरलेत. आज फोम बोलावतो, उद्या माणूस बोलावेल.”

“यंत्रात दोष असेल, आके.”

“मग शोध. रविवार सकाळपर्यंत.” जाताना त्यांनी वाईट हेतू नसल्यासारखं म्हटलं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं, “तेव्हाही नव्हता ना सापडला.”

काचकिन त्या रात्री जेवला नाही. “दोष सापडला नाही तर त्याने बोलावलं असं म्हणतील,” तो भिंतीला म्हणाला. “सापडला तर म्हणतील, म्हातारा आताही चुकतो, तेव्हाही चुकला असेल.” सायराकानला वाटलं, आता विचारावं. तिने त्याच्या अंगावर घोंगडी ओढली.

रविवारी सकाळी तळ्यावरून वारा नव्हता. सेयित-आके काठीवर रेलून उभे होते, नांगरवाला ट्रॅक्टर बंद करून थांबला होता. सायराकानने समोवार आणला होता. माणसं घाबरली की चहा जास्त लागतो, हा तिचा अनुभव. काचकिनने तोक्तोसुनचं विमान बोटांवर तोललं, पट्ट्या पाच वेळा पाहिल्या.

“फेक. आणि कबरस्तानावरूनच ने.”

“आके, तंदूर पेटता ठेवून आलोय मी...”

“तंदूर कुठे उडून जात नाही.”

विमान गेलं. सगळ्यांच्या माना वर. सायराकानची एकटीची मान खाली, ती पेल्यांत चहा ओतत होती. तिच्या समोर पोत्याच्या पट्ट्याला लटकलेला रिमोट आणि त्यावर तोक्तोसुनचे लाल हात होते. अंगठे दांड्यांवर घट्ट.

मग वर कुठेतरी विमानाचा आवाज कबरस्तानावर पोचला, आणि तोक्तोसुनचे दोन्ही हात दांड्यांवरून उठले. तळवे उघडले, चेहऱ्यावरून खाली उतरले. “ओमीन,” तो पुटपुटला. सेयित-आक्यांनी काठी काखेत धरून तेच केलं. जामालने केलं. ट्रॅक्टरवाल्याने केलं. कबरस्तान ओलांडताना मेलेल्यांसाठी हात वर करायचे, हे गावात मुलं चालायच्या आधी शिकतात. जांभईसारखं ते. आपण केलं, हे कुणाला कळतही नाही. रिमोट पाववाल्याच्या पोटावर मोकळा झुलत होता.

“हात!” सायराकान ओरडली. चहा तिच्या पायावर सांडला. “तुझे हात कुठेत, मेल्या!”

तोक्तोसुनने दचकून दांड्या पकडल्या. विमान घुमटावरून वीतभर सुटलं आणि वर आलं.

कुणालाच काही समजेना. तिने सांगितलं तर तोक्तोसुन शपथ घेऊन म्हणाला, “मी हात उचललेच नाहीत, एजे! मोठ्या बहिणीशी खोटं बोलेन का?” सेयित-आके म्हणाले, “मीही नाही.” मग काचकिनने सर्वांना आधी हात वर करायला लावले, विमान जमिनीवर असताना, बॅटरी जोडायच्या आधी. मोठ्याने ओमीन म्हणवून घेतलं. आणि या वेळी तो स्वतः विमानाकडे न बघता, जन्मभराचा नियम मोडून, हातांकडे बघत राहिला. एकदा त्याला पाववाल्याच्या मनगटावर चापट मारावी लागली. विमान कबरस्तानावरून गेलं, वळलं, परत आलं.

“पातं उजवीकडे फिरतं,” तो सावकाश म्हणाला. “म्हणून मोकळं सोडलेलं विमान डावीकडे झुकतं. लहान असो, मोठं असो.”

मोठं म्हटल्यावर तो थांबला. सायराकान त्याच्याकडे बघत होती.

“ओस्कोन घोड्यावरून जातानाही बापाच्या कबरीपाशी लगाम सोडायचा,” ती म्हणाली. “दोन्ही हात वर. घोडा शहाणा होता म्हणून चाललं.”

काचकिन गवतात बसला. “मग पंख...”

“पंख ठीक होता,” ती म्हणाली. “तू दोनदा तपासला होतास. मी ऐकलं होतं.”

सेयित-आक्यांनी ट्रॅक्टर परत पाठवला आणि चहा मागितला. उरलेला.

पण तिन्ही वेळा विमानं एका गालिच्याएवढ्या जागेत कशी पडली, हे तिने घरी जाताना विचारलं. तो म्हणाला, वारा. ती म्हणाली, वारा इतका नेमका? तो म्हणाला, या गावातला वारा आहे, ओळखीची घरं त्याला पाठ असणार. टेबलावर हललेल्या पट्टीबद्दल दोघांनीही विचारलं नाही.

त्यानंतर धावपट्टीवर नवा नियम झाला: आधी ओमीन, मग बॅटरी. तरीही वर्षातून एखादं विमान तिकडे जायचंच, हात दांड्यांवर असताना. सायराकान आता हातांवरच नजर ठेवून असायची, त्यामुळे तिला पक्कं ठाऊक होतं. काचकिन आणायला जायचा. पूर्वी तो मान खाली घालून जायचा आणि पळत यायचा. आता तिथे त्याला उशीर व्हायचा.

सफरचंदं उतरवून झाली त्या आठवड्यात जामालचं विमान गेलं. ते काचकिनचं शेवटचं आणणं ठरलं, पण तेव्हा ते कुणाला माहीत असणार. तो फाटकापाशी थांबला, आतल्या सर्वांना सलाम केला, तळवे चेहऱ्यावरून फिरवले. कबरींच्या मधून वाकडा-तिकडा, कुणाच्या डोक्यावर पाय न देता गेला आणि विमान काखेत घेऊन आला.

गवतावर बसून त्याने आधी बॅटरी काढली. पातं तपासलं, पंखाला धरणारी रबरं ओढून पाहिली.

“उन्हाने तडकलीत, बाई. नवी घाल. आणि बॅटरी बोटभर पुढे सरकव, शेपूट जड होतेय.”

“बाकी काय झालं होतं, आके?”

“काही नाही.”

त्याने विमान दोन बोटांवर तोललं. नाक किंचित खाली गेलं. मग रिमोट चालू केला, बॅटरी जोडली, विमानाच्या मागे गेला आणि दांडी उजवीकडे ढकलली. तीन वेळा. जामालने घड्याळाकडे बघितलं, म्हणून आणखी दोन वेळा. मग बॅटरी काढून त्याने विमान तिच्या हातात दिलं आणि चहा प्यायला गेला.