म्हशीच्या वाट्याचं

आमच्या एकोडीत धान भरडायची गिरणी एक बाई चालवते. मालनबाई. पट्टा सुटला तर तीच चढवते आणि मोटार कुरकुरली तर तीच तिला शिव्या घालते. गावाला मिरवायला दुसरं काही नसलं तरी चालेल.

गिऱ्हाइकांचा मात्र एकच हट्ट, तांदूळ मोत्यासारखा निघाला पाहिजे. ‘बाई, पॉलिशचा अजून एक हात मारा,’ असं मीच कितीदा म्हटलंय, तेही शाळेत पोरांना सकस आहाराचा धडा शिकवून थेट गिरणीवर येऊन. तांदळातलं सत्त्व कोंड्यात जायचं आणि कोंडा म्हशींना. म्हशी तुकतुकीत, माणसं साखर तपासायच्या रांगेत! कळत नव्हतं असं नाही. पण पाहुण्याच्या ताटात मातकट भात म्हणजे घरात दळिद्र, हे डोक्यात पक्कं बसलेलं. डॉक्टर गोळ्या लिहून देतो, ही लाज कशी घालवायची ते काही लिहून देत नाही.

मालनबाईचे यजमान बाबुलालभाऊ. त्यांना साखर निघाली, पायाची जखम सहा महिने भरेना. तेव्हापासून तिने घरच्या तांदळाचं पॉलिश बंद केलं. धान एकदाच भरडायचं, चकाकी गेली चुलीत. भाऊ कुरकुरत का होईना, खाऊ लागले.

मग मुलीचं, भावनाचं, लग्न निघालं. पंगतीलाही घरचाच तांदूळ शिजेल, असं मालनबाईने जाहीर केलं.

“नाक कापशीन तू,” भाऊ म्हणाले.

भावना तर रडायलाच लागली. “माय, सासरचे काय म्हनतीन? माह्या लग्नात तरी पांढरा भात कर व!”

“तुह्या बापाच्या ताटात जो भात पडते, तोच व्याह्याच्या ताटात पडन. बापाले चांगला अन् पाहुण्यायले वाईट, असा भात असते का कुठी?”

भावना दोन दिवस आईशी बोलली नाही.

लग्न लागलं, पंगत बसली. वरण, वांग्याची भाजी, बुंदी आणि मधोमध तो तांबूस भात. नवरदेवाच्या आत्याने, चंदाबाईंनी, ताट बोटभर पुढे सरकवलं.

“आमच्याकडं असं म्हशीले घालतेत.”

भाताचं टोपलं घेऊन मालनबाई जागच्या जागी उभी राहिली, तोंड उतरलेलं. एवढी खमकी बाई, पण लेकीच्या सासरपुढे नमली. मीही मान खाली घातली. मास्तर म्हणवतो स्वतःला!

भावना नवऱ्याशेजारीच जेवायला बसली होती. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि ताट उचलून धरलं.

“माय, मले अजून वाढ.” मग आत्याकडे वळून अगदी आदराने म्हणाली, “आत्याबाई, बराबर हाय तुमचं. जे चांगलं ते आमी इतके दिवस म्हशीयलेच घालून राहिलो होतो. आता आमी खातो.”

नवरदेव भुपेंद्र खो खो हसला आणि त्यानेही ताट पुढे केलं. मालनबाईने लेकीच्या ताटात भाताचा असा डोंगर रचला की वरणाला जागा उरली नाही. अशा माय-लेकी आमच्या गावच्या, याचा मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

चंदाबाईंनी तो भात खाल्ला की नाही, मला माहीत नाही. मी माझं ताट पुढे करत होतो.